दरसूचीत नसलेला गवंडी

सरकारी इमारतीचे आयुष्य बहुधा दोन कागदांवर ठरते. पहिला कागद म्हणजे इमारत जीर्ण व धोकादायक झाल्याचा बांधकाम खात्याचा दाखला. दुसरा म्हणजे दरसूची. दरसूची हा शब्द प्रशासनाबाहेरच्या वाचकांना कदाचित अपरिचित असेल. बांधकामाच्या प्रत्येक बाबीचा सरकारने आधीच ठरवून ठेवलेला भाव त्यात असतो. अमुक जाडीची वीटभिंत, तमुक प्रमाणाचा सिमेंट गिलावा, एक घनमीटर काँक्रीट, यांपैकी प्रत्येकाला क्रमांक असतो, वर्णन असते आणि दर असतो. अंदाजपत्रक तिच्यावरून होते, निविदा तिच्यावरून निघते, मोजमाप तिच्याप्रमाणे लिहिले जाते आणि लेखापरीक्षकही तीच पुढे ठेवून बसतो. ज्या कामाला दरसूचीत क्रमांक नाही, ते काम सरकारच्या दृष्टीने जवळजवळ अस्तित्वातच नसते. आणि ते काम नसले, की ते करणारा माणूसही नसतो.

हा लेख अशाच एका माणसाविषयी आणि त्याच्या निमित्ताने पडलेल्या प्रश्नांविषयी आहे.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात माझी नेमणूक माळव्यातील एका जिल्ह्यात होती. जिल्ह्याचे अभिलेखागार एका मराठी संस्थानाच्या जुन्या कचेरीत होते. काळ्या दगडाचे जोते, त्यावर चुन्यात बांधलेल्या तीन फूट जाडीच्या वीटभिंती, पुढे कमानींची ओसरी, सागवानी तुळयांवर पेललेली सपाट गच्ची. आत लाकडी मांडण्यांवर जमिनीचे नकाशे, खसऱ्याच्या वह्या आणि लाल कापडात बांधलेले मोडी कागदांचे रुमाल. ते वाचू शकणारे कारकून केव्हाच निवृत्त झाले होते. पण इनामाच्या, देवस्थानाच्या, वाटणीच्या दाव्यांत आजही कुणाला नक्कल लागली, तर ती त्याच रुमालांतून काढावी लागे. त्या कागदांवर काही कुटुंबांची शेती आणि काहींचे घर अवलंबून होते.

आणि गच्ची गळत होती. तीन पावसाळे तिच्यावर उपाय चालले होते. पहिल्या वर्षी सिमेंटचा थर, दुसऱ्या वर्षी त्यावर डांबरी कागद, तिसऱ्या वर्षी पुन्हा सिमेंट. प्रत्येक थराने छपराचे वजन वाढवले आणि प्रत्येक थर पुढच्या उन्हाळ्यात तडकला. फटींतून शिरलेले पाणी आत अडकून राहिले व तुळयांची टोके कुजू लागली. अखेर इमारत धोकादायक असून पाडून टाकावी आणि त्या जागी नवी बांधावी, असा प्रस्ताव माझ्या टेबलावर आला. नवी इमारत होईपर्यंत दप्तर कुठे ठेवायचे, या रकान्यात एका बंद पडलेल्या गोदामाचे नाव होते. तिथे ते किती वर्षे पडून राहील आणि वाळवी किती शिल्लक ठेवील, याचा अंदाज करण्यास फारशा अनुभवाची गरज नव्हती.

सही करण्यापूर्वी आणखी एक मत घ्यावे, असे मी ठरवले. नाझरने गावातल्या एका वृद्ध राजमिस्त्रीचे नाव सुचवले. उत्तरेत गवंड्याला नुसते 'राज' असेही म्हणतात. त्या शब्दातला मान आता व्यवहारात उरलेला नाही, पण भाषेने तो जपला आहे. त्यांना सारे उस्ताद म्हणत, मीही तेच म्हणू लागलो. सत्तरीच्या पुढचे, किडकिडीत, नजर अधू झालेली. त्यांनी अहवाल मागितला नाही, नकाशाही मागितला नाही. लाकडी मुठीच्या हातोडीने भिंत ठोकत ते इमारतीला एक संपूर्ण फेरी घालून आले. जिथे आवाज पोकळ येई तिथे कोळशाने खूण करत होते. नंतर गच्चीवर चढले, पन्हाळीत हात घालून कुजलेला पाला काढला, तडीत उगवलेले पिंपळाचे रोप बोटाने हलवून पाहिले आणि खाली येऊन त्यांच्या माळवी बोलीत जे म्हणाले त्याचा अर्थ असा: "साहेब, भिंती निरोगी आहेत. हिला म्हातारपणाने नाही, औषधाने मारले आहे."

त्यांच्या या निदानामागचे रसायन मला नंतर समजले. चुनखडी भट्टीत सुमारे 900 अंश सेल्सियसला भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी घातले की तो उसळून, उष्णता टाकून विरतो. हा विरलेला चुना भिंतीत गेला की हवेतला तोच वायू हळूहळू परत घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो. म्हणजे चुन्याची भिंत बांधून झाली तरी तिचे घट्ट होणे वर्षानुवर्षे चालूच असते. त्यात विटांची पूड, म्हणजे सुरखी, घातली की तो ओलाव्यातही धरतो. गूळ, बेलफळाचा गर, उडीद, हिरडा अशा पदार्थांचे पाणी प्रांताप्रांतांतले कारागीर आपापल्या अनुभवाने मिसळत आले. चुन्याचा दुसरा गुण म्हणजे तो विटेपेक्षा मऊ असतो आणि श्वास घेतो. जमिनीतून भिंतीत चढलेला ओलावा दर्जांतून बाहेर पडतो. झीज झालीच तर ती चुन्याची होते, वीट वाचते. काही वर्षांनी दर्जा पुन्हा भरल्या की काम झाले.

सिमेंटचे वागणे याच्या उलट आहे. ते कडक, घट्ट आणि पाण्याला वाट न देणारे. नव्या इमारतीत हेच त्याचे गुण असतात. जुन्या चुन्याच्या भिंतीवर ते थापले की ओलावा आत कोंडतो, क्षार विटेच्या पोटातच साचून स्फटिक बनतात आणि वरचा गिलावा धडधाकट दिसत असताना आतली वीट भुकटी होत जाते. इंग्लंडमध्ये पोर्टलंड सिमेंटचे पेटंट 1824 सालचे. आपल्याकडे पोरबंदरच्या कारखान्यात सिमेंट निघू लागले ते 1914 मध्ये. म्हणजे या देशात सिमेंटचे वय सव्वाशे वर्षांचेही नाही, आणि ज्या भिंतींना आपण ते औषध म्हणून पाजतो, त्यातल्या कितीतरी त्याच्या दुप्पट-तिप्पट वयाच्या आहेत.

उस्तादांनी काम घ्यायला तीन अटी घातल्या. चुना काम सुरू होण्याच्या किमान महिनाभर आधी खड्ड्यात विरत घालायचा. हाताखालची दोन मुले ते स्वतः निवडतील. आणि मार्च महिन्याचे नाव त्यांच्यापुढे काढायचे नाही.

प्रशासनात काम केलेल्या वाचकांच्या लक्षात येईल की तीनही अटी नियमांच्या कुठल्या ना कुठल्या पानाला अडखळणाऱ्या होत्या. सरकारी वर्ष 31 मार्चला संपते आणि अखर्चित निधी परत जातो. चुन्याला हे ठाऊक नसते. दरसूचीत चुन्याच्या गच्चीची बाब उरलेली नव्हती. निविदा काढली असती तर सर्वांत कमी दराची कंत्राटी संस्था आली असती आणि तिने आणखी एक सिमेंटचा थर दिला असता. मजुरीच्या तक्त्यात कुशल, अर्धकुशल आणि अकुशल असे तीनच वर्ग होते. पन्नास वर्षे कमानी उभारलेला माणूस आणि मागच्या वर्षी थापी हातात घेतलेला माणूस, दोघेही 'कुशल'. त्यापुढे वर्गच नव्हता.

मदत त्याच अभिलेखागाराने केली. एका रुमालात कचेरीच्या मूळ बांधकामाचा मोडी खर्चपट सापडला. इंदूरहून एक निवृत्त शिक्षक येऊन तो वाचून देऊ लागले. चुना किती, सुरखी किती, गूळ किती, घाणीच्या बैलांचा चारा किती, गवंड्यांची मजुरी किती, सारे ओळीने लिहिलेले. भाव अर्थातच उपयोगाचे नव्हते, पण प्रमाणे होती. ती उस्तादांना वाचून दाखवली तेव्हा त्यांनी दोनच ठिकाणी मान हलवून दुरुस्ती सुचवली. बाकीचे त्यांच्या वडिलांनी शिकवल्याप्रमाणेच होते. त्या प्रमाणांवरून एका तरुण उपअभियंत्याने दरांचे पृथक्करण तयार केले, वरिष्ठांकडून ते मंजूर करून आणले आणि काम कंत्राटाऐवजी खात्यामार्फत, हजेरीपटावर करण्याची परवानगी मिळवली. ही तरतूद नियमांत होतीच, फक्त कुणी वापरत नव्हते. पहिल्या वर्षी सामान खरेदी व चुना विरवणे, दुसऱ्या वर्षी गच्ची, अशी दोन वर्षांची विभागणी केल्यामुळे मार्चचाही प्रश्न सुटला. या श्रेयाचा मोठा वाटा त्या उपअभियंत्याचा आहे. त्याच्या अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात चुन्याला फार तर एखादा तास मिळाला असेल. तरी तो रोज संध्याकाळी वही घेऊन उस्तादांजवळ बसत असे.

काम पाहण्यासारखे होते. आधी जुने थर हाताने, छिन्नीने काढले. यंत्राचा हादरा तुळयांना नको, म्हणून. कुजलेल्या तुळया बदलल्या. मग विटांचे तुकडे आणि चुना यांचा थर पसरून मजूर स्त्रिया ओळीने बसल्या आणि लाकडी थापट्यांनी तो बडवू लागल्या. एक दिवस नव्हे, आठवडाभर. थापटी उडून परत येऊ लागली, म्हणजे थर बसला. उस्ताद आवाजावरून कुठे बडवायचे राहिले ते सांगत. वाळू घेताना ते ती मुठीत चोळून कानाशी नेत आणि मग तळहात पाहत. तळहातावर माती राहिली की गाडी परत. एकदा मी विचारले की हे सारे कुठे लिहून का ठेवले नाही. ते म्हणाले, "लिहून ठेवायला हात मोकळा कुठे होता?" त्यांनी निवडलेल्या दोन मुलांपैकी एक त्यांचा नातू होता आणि दुसरा हेल्याचा मुलगा, ज्याला केवळ पाणी आणायला ठेवले होते. का निवडले, असे विचारल्यावर उत्तर मिळाले की तो न सांगता थांबतो. चुन्याच्या कामात थांबणे यावे लागते.

पुढच्या पावसाळ्यात गच्ची गळली नाही. त्यानंतरच्याही नाही. पाडून नवी बांधण्याच्या अंदाजाच्या तुलनेत खर्च फारच थोडा आला. लेखापरीक्षणात मात्र आक्षेप निघाला. इमारत दुरुस्तीच्या शीर्षाखाली गूळ, उडीद डाळ आणि बेलफळे कशी खरेदी झाली, याचा खुलासा मागवण्यात आला. आक्षेप घेणाऱ्याला मी दोष देत नाही. त्याच्या पुस्तकात चुना नव्हता, गुळाचा संबंध त्याला कळणार तरी कसा? मोडी खर्चपटाचे देवनागरी लिप्यंतर उत्तराला जोडले आणि आक्षेप निकाली निघाला. संस्थानी कारकुनाने नोंदलेला गूळ स्वतंत्र भारताच्या लेखापरीक्षणात पुरावा म्हणून चालला, याची मला आजही गंमत वाटते.

पुढे दिल्लीतील नेमणुकीच्या काळात हाच विषय फार मोठ्या प्रमाणावर पाहायला मिळाला. सोळाव्या शतकातील हुमायूनच्या मकबऱ्याचे जतनकाम आगा खान ट्रस्ट फॉर कल्चर या संस्थेने भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या सहकार्याने आणि टाटा न्यासाच्या मदतीने 2007 ते 2013 या काळात केले. 1993 पासून जागतिक वारसा यादीत असलेल्या या वास्तूच्या छपरावरही विसाव्या शतकातील दुरुस्त्यांचे थर चढले होते. तिथून काढलेल्या काँक्रीटचे वजन दहा लाख किलोपेक्षा अधिक भरले. माझ्या जिल्ह्यातल्या कचेरीवर जे झाले, तेच एका सम्राटाच्या कबरीवरही झाले होते. या कामात दगडकाम, चुनाकाम, सुतारकाम करणाऱ्या कारागिरांचे सुमारे दोन लाख मनुष्यदिवस लागले. रंगीत कौलांची कला इथे लोपली होती, म्हणून उझबेकिस्तानातून कारागीर आणून निजामुद्दीन वस्तीतल्या तरुणांना शिकवण्यात आले. एकदा तुटलेली परंपरा परत आणायला किती दुरून आणि किती खर्चाने माणसे आणावी लागतात, याचे हे उदाहरण आहे.

या कामावर टीकाही झाली, आणि ती दुर्लक्षिण्याजोगी नाही. जॉन मार्शल यांनी 1923 मध्ये लिहिलेल्या जतन-नियमावलीची शिकवण अशी की जुने आहे तसे टिकवावे, नवे घडवून जुन्याची बतावणी करू नये. पडलेल्या कौलांच्या जागी नवी कौले बसवणे हे जतन की नवनिर्माण, असा प्रश्न अनेक जाणकारांनी विचारला. मला दोन्ही बाजूंत तथ्य दिसते. पण मार्शल यांच्या शिकवणीत इमारत हा पुरावा आहे. गवंड्याच्या दृष्टीने ती चालू असलेले काम आहे. पहिल्या दृष्टीत दगड वाचतो, परंतु कारागिराला हात लावायला जागाच उरत नाही आणि एक-दोन पिढ्यांत तो संपतो. 'इन्टॅक'ने 2004 मध्ये स्वीकारलेल्या सनदेत आणि पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या 2014 च्या राष्ट्रीय जतन धोरणात पारंपरिक कारागिराला स्थान दिले गेले, ते या जाणिवेतूनच.

मात्र परंपरा म्हणजे सर्वच शहाणपण, असे मी म्हणणार नाही. 30 सप्टेंबर 1993 ची किल्लारीची पहाट मराठी माणूस विसरू शकत नाही. तिथल्या जाड दगडी भिंतीही पारंपरिकच होत्या. परंतु मातीत रचलेले ओबडधोबड दगड, भिंतीच्या दोन्ही तोंडांना बांधून ठेवणाऱ्या आरपार दगडांचा अभाव आणि वर धाब्याच्या मातीचे ओझे, यामुळे त्या झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. तो दोष दगडाचा नव्हता. चांगला गवंडी आरपार दगड घातल्याशिवाय भिंत वर नेत नाही. कसब क्षीण होत जाते, आकार तेवढा उरतो आणि तो आकार माणसे मारतो. म्हणून कारागिरी टिकवणे हा केवळ सौंदर्याचा किंवा अस्मितेचा प्रश्न नाही, तो सुरक्षिततेचाही आहे. आणि म्हणूनच गवंड्याचे ज्ञान व अभियंत्याचे गणित यांनी एकमेकांना तपासले पाहिजे.

व्यवस्थेत काही बदल झाले आहेत, हे नमूद केले पाहिजे. केंद्रीय लोकनिर्माण विभागाने 2013 मध्ये वारसा इमारतींच्या जतनाची पुस्तिका काढली. ऑक्टोबर 2021 मध्ये अर्थ मंत्रालयाने खरेदीच्या नियमांत अशी सोय केली की ज्या कामात गुणवत्ता महत्त्वाची ठरवली जाईल, तिथे केवळ कमी दर न पाहता गुणवत्तेला 30 टक्क्यांपर्यंत भारांक देता येईल. सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील 18 व्यवसायांत राजमिस्त्री आहे. परंतु वरचा कागद बदलला, म्हणजे तालुक्याचे अंदाजपत्रक बदलते असे नाही. माझ्या अनुभवावरून पुढील गोष्टी कराव्याशा वाटतात.

1. प्रत्येक राज्याच्या दरसूचीत चुनाकामाचे स्वतंत्र प्रकरण असावे आणि त्यात चुना विरवण्याचा काळ हा कामाचाच भाग मानून त्याचा दर द्यावा.

2. जुन्या इमारतींच्या निविदेत कंत्राटदाराची उलाढाल पाहण्याआधी त्याच्याकडे काम करणारा मुख्य गवंडी कोण आणि त्याने आधी काय केले आहे, हे पाहावे. नमुन्याची एक चौरस मीटर भिंत करून घ्यावी.

3. मजुरीच्या तक्त्यात कुशलच्या वर 'उस्ताद' असा वर्ग असावा. त्याला शिकवण्याचे वेगळे मानधन आणि शिकणाऱ्याला किमान दोन वर्षे विद्यावेतन मिळावे. चुना दोन आठवड्यांच्या शिबिरात येत नाही.

4. मोठ्या दुरुस्तीची वाट पाहण्यापेक्षा दरवर्षी थोडा निधी पन्हाळी साफ करण्यास, पिंपळाची रोपे काढण्यास आणि दर्जा भरण्यास राखून ठेवावा. इमारती बहुतेक वेळा याच तीन गोष्टींवाचून मरतात.

उस्ताद ते काम झाल्यावर चार वर्षांनी वारले. नातू इंदूरला प्लास्टर ऑफ पॅरिसची छते करतो. त्यात रोज पैसा आहे आणि त्याला दोष देण्याचा अधिकार मला नाही. पाणी आणणारा मुलगा मात्र आज राजस्थानात एका किल्ल्याच्या जतनकामावर मुख्य मिस्त्री आहे. दिवाळीला त्याचा फोन येतो. मागच्या वर्षी त्याने सांगितले की त्याच्या हाताखाली पाच मुले आहेत, पण कागदावर ती पाचही आणि तो स्वतःही अजून 'कुशल मजूर'च आहेत.

हे वाचणाऱ्यांपैकी अनेक जण इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, तंजावर अशा गावी राहत असतील. आपल्या पूर्वजांनी तिथे वाडे बांधले, घाट बांधले, देवळे आणि धर्मशाळा बांधल्या. बांधले असे आपण म्हणतो तेव्हा ते आज्ञा देणाऱ्याचे नाव असते. हात तिथल्याच गवंड्यांचे आणि पाथरवटांचे होते, आणि त्यांच्यापैकी काहींची नातवंडे त्याच गावात अजून आहेत. आपल्या ट्रस्टच्या देवळाला किंवा जुन्या घराला तडा गेला, तर सिमेंटचे पोते मागवण्यापूर्वी गावातला सर्वांत वृद्ध गवंडी कोण, एवढे अवश्य विचारा. आणि तो आला की त्याच्याबरोबर एखादा शिकणारा मुलगाही कामाला ठेवा. त्या मुलाची मजुरी हा दुरुस्तीचाच खर्च आहे.